जेट स्की, उभ्याने चालवावयाची
जेट स्की, उभ्याने चालवावयाची : मागे फेकलेल्या पाण्याच्या झोताच्या प्रतिक्रियेने पुढे जाणारे व एका माणसाने उभे राहून चालवावयाचे लहान यांत्रिक जलवाहन. ‘जेट स्की’ हे वस्तुतः कावासाकी या जपानी उद्योगाचे व्यापारनाम आहे. परंतु या प्रकारचे पहिले यशस्वी वाहन त्याच उद्योगाचे असल्यामुळे ते सर्वच तत्सम वाहनांना लावले जाऊ लागले. आसनावर बसून चालवावयाची मोठी जलवाहने पुढे बहुसंख्य झाली आणि गोव्याच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरविणारी वाहने बहुधा त्याच जातीची असतात. प्रस्तुत नोंदीत मात्र १९७३ ते २०२० या काळात तयार झालेल्या, दोन धावांच्या एंजिनावर चालणाऱ्या, उभ्याने चालवावयाच्या मूळ प्रकाराचाच विचार केला आहे. त्याच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य असे की, तो जितका कारखान्यात घडला तितकाच, किंबहुना थोडा अधिकच, मालकांच्या छपरीत आणि लहान कर्मशाळांत घडला.

पूर्वपीठिका : या वाहनामागे दोन स्वतंत्र तांत्रिक परंपरा आहेत. एक झोतपंपाची व दुसरी दोन धावांच्या एंजिनाची.

पाण्यात बाहेर फिरणारा पंखा उथळ व खडकाळ नद्यांत निरुपयोगी ठरतो. न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन यांनी आपल्या आयरिशमन क्रीक येथील मेंढपाळीच्या मळ्यावर १९५०–६० या दशकाच्या पूर्वार्धात नावेच्या तळातून पाणी ओढून ते मागच्या नळीतून जोराने बाहेर टाकणारा पंप व्यवहार्य केला. बाहेर येणारा झोत पाण्याच्या पातळीच्या वर सोडला असता नाव अधिक वेगाने जाते, ही त्यांची निर्णायक सुधारणा. १९६० साली त्यांच्या नावा कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. उघडा पंखा नसल्याने पाण्यात पडलेल्या माणसाला इजा होण्याची भीती या पद्धतीत पुष्कळच कमी होते. उभ्याने चालवावयाच्या वाहनावरून चालक वारंवार पडणारच, हे लक्षात घेता झोतपंपावाचून त्याची कल्पनाच करता आली नसती. इंग्लंडमध्ये व्हिन्सेंट या मोटारसायकलनिर्मात्याने १९५०–६० या दशकाच्या मध्यास ‘अमांडा’ नावाची जलस्कूटर बाजारात आणली होती. परंतु ती रुजली नाही.

दुसरी परंपरा अधिक जुनी आहे. ड्युगाल्ड क्लर्क यांनी १८८१ मध्ये दोन धावांच्या एंजिनाचे एकस्व घेतले. त्यात मिश्रण आत ढकलण्यासाठी वेगळा पंप लागे. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास तो पंप काढून टाकून दट्ट्याखालची, भुजादंडाची पेटीच पंप म्हणून वापरली. झडपांची यंत्रणा नाही, वंगणाचा वेगळा साठा नाही, भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यात एक स्फोट; इतके साधे एंजिन दुसरे नाही. बजाज चेतक किंवा येझदी चालविलेल्या पिढीला पेट्रोलात तेल मिसळण्याचा परिपाठ आणि निळसर धूर यांमुळे ते चांगले परिचित आहे. १९८०–९० या दशकात बजाज ऑटोने कावासाकीच्या तांत्रिक सहकार्याने काढलेली केबी १०० ही मोटारसायकलही याच कुळातली होती [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

डे यांच्या रचनेतील मूळ दोष असा की, ताजे मिश्रण आत येण्याची आणि जळलेले वायू बाहेर जाण्याची वेळ एकच असल्याने काही मिश्रण न जळताच निघून जाते. जर्मनीतील आडोल्फ श्नुर्ले यांनी १९२५ मध्ये मिश्रण सिलिंडराच्या मागील भिंतीकडे वळवून वळसा घालावयास लावणारी द्वारांची मांडणी शोधली व हा तोटा कमी केला. त्यानंतरचे मोठे पाऊल पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या व्हाल्टर काडेन यांचे. निष्कास नळीला फुगीर आकार देऊन परतणाऱ्या दाबलहरीने निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरात लोटावयाचे, हे प्रसरण कक्षाचे तंत्र त्यांनी १९५०–६० या दशकात परिपूर्ण केले. त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान त्याच्याबरोबर जपानमधील सुझुकीकडे गेले. दहा वर्षांच्या आत ते सर्व जपानी कारखान्यांची सामाईक विद्या होऊन बसले. कावासाकीची १९६९ ची तीन सिलिंडरांची ४९८ घ. सेंमी. मोटारसायकल हे त्याचेच फळ होय.

उगम : या दोन परंपरा एकत्र आणण्याचे श्रेय क्लेटन जेकबसन (दुसरे) या अमेरिकन मोटोक्रॉस-शर्यतपटूला दिले जाते. मोटारसायकलवरून कठीण जमिनीवर आपटण्यापेक्षा पाण्यात पडणे बरे, या विचारातून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९६५ साली त्यांनी ॲल्युमिनियमचा पहिला नमुना बनविला. त्याची मूठ उभी व पक्की बसविलेली होती. पुढचा नमुना काचतंतूंचा होता. हिमवाहने बनविणाऱ्या कॅनडातील बाँबार्डिअर या उद्योगाने त्यांच्याशी करार करून १९६८ मध्ये ‘सी-डू’ हे वाहन काढले. पण ते बसून चालवावयाचे होते व त्यात हवेने थंड होणारे रोटॅक्स एंजिन बसविलेले होते. पाणी सर्व बाजूंनी उपलब्ध असताना बंद पेटीतले एंजिन हवेने थंड करण्याचा हा खटाटोप आज विचित्र वाटतो. हिमवाहनाचे एंजिन हाताशी होते म्हणून ते वापरले गेले, इतकाच त्याचा अर्थ. थोड्याच वर्षांत बाँबार्डिअरने ते उत्पादन बंद केले व पुढे १९८८ पर्यंत या क्षेत्राकडे पाहिले नाही.

जेकबसन यांनी १९७१ च्या सुमारास कावासाकीशी बोलणी केली आणि १९७३ मध्ये उभ्याने चालवावयाची पहिली जेट स्की विक्रीस आली. तिला पाण्याने थंड होणारे, दोन सिलिंडरांचे, सुमारे ४०० घ. सेंमी. घनक्षमतेचे दोन धावांचे एंजिन होते. १९७५ पासून अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात लिंकन येथील कावासाकीच्या कारखान्यात तिचे उत्पादन होऊ लागले. शोधाचे श्रेय व मोबदला यांवरून जेकबसन आणि कावासाकी यांच्यात पुढे दीर्घकाळ न्यायालयीन वाद झाला.

रचना : वाहनाची काया म्हणजे काचतंतुप्रबलित प्लॅस्टिकची, वरखाली दोन भाग जोडून केलेली बंद डबी. पुढच्या भागात एंजिन व इंधनाची टाकी, मागे चालकाने उभे राहावयाचा उथळ हौदा. एंजिनाचा भुजादंड रबरी जोडाने एका सरळ दंडाला व त्यामार्फत शेपटीकडील इंपेलरला जोडलेला असतो. मध्ये दंतचक्रे नाहीत, क्लच नाही. एंजिन सुरू होताच वाहन चालू लागते. वळण घेण्यासाठी झोताची नळी डावी-उजवीकडे फिरते. दिशा देणारी मूठ एका लांब दांड्याच्या टोकाला असून तो दांडा पुढील बाजूस बिजागरीवर वरखाली होतो. त्यामुळे चालक गुडघ्यांवरून उठून उभा राहू शकतो व शरीराच्या तोलाने वाहन कलंडवू शकतो. वेग नसताना वाहन माणसाला उभ्याने तोलून धरीत नाही. आरंभीच्या प्रारूपांत चालक पडला असता एंजिन मंद गतीने चालू राही आणि वाहन संथपणे गोल फिरत त्याच्याकडे परत येई. मनगटाला बांधलेली, ओढली जाताच एंजिन बंद करणारी दोरी नंतर आली.

या वाहनाचे कार्ब्युरेटर मोटारसायकलीसारखे तरंगत्या गोळ्याचे असून चालत नाही, कारण ते तिरपे होते, उलटते व उड्याही मारते. म्हणून पातळ रबरी पडद्यावर चालणारे कार्ब्युरेटर वापरले गेले व त्याचा इंधनपंपही भुजादंडाच्या पेटीतील दाबाच्या धडधडीवरच चालविला गेला. पुढे सांगितलेल्या देखभालीच्या निम्म्या कथा या पडद्यापाशी येऊन थांबतात.

कारखान्यातील वाढ : १९७७ मध्ये आलेले कावासाकीचे ४४० प्रारूप जवळजवळ पंधरा वर्षे तयार होत राहिले. त्याचे वजन सुमारे ११० किग्रॅ.; दोन माणसांना ते उचलून गाडीवर ठेवता येई. १९८२ मध्ये ५५०, १९८६–८७ मध्ये ६५०, १९९२ मध्ये ७५० आणि २००३ मध्ये ८०० अशी घनक्षमता वाढत गेली. यामाहाने १९९० मध्ये ‘सुपरजेट’ काढली व १९९४ मध्ये तिचे एंजिन ६३३ वरून ७०१ घ. सेंमी. केले.

हे आकडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट उघड होते. ४४० च्या सिलिंडराचा व्यास ६८ मिमी. व दट्ट्याची धाव ६० मिमी.; ५५० चा व्यास ७५ मिमी., पण धाव तीच ६० मिमी. यामाहाच्या ६३३ चा व्यास ७७ मिमी., ७०१ चा ८१ मिमी.; धाव दोहोंचीही ६८ मिमी. कावासाकीच्या ७५० चा व्यास ८० मिमी., ८०० चा ८२ मिमी.; धाव दोहोंत ७४ मिमी. म्हणजे कारखान्याने एंजिन नव्याने न रचता त्याचा सिलिंडर रुंद केला. मोठ्या व्यासाचा सिलिंडर किंवा दट्ट्या बसवून शक्ती वाढविण्याचा हाच मार्ग शर्यतपटू आपापल्या कर्मशाळांत चोखाळीत होते. आधी कोणी केले, याचा निवाडा प्रत्येक ठिकाणी करता येणार नाही. परंतु कारखाना आणि हौशी कारागीर एकाच रेषेवर चालत होते, एवढे या मापांवरून निश्चित म्हणता येते. याचा एक परिणाम असा झाला की, एका पिढीचे भाग दुसऱ्या पिढीला थोड्याफार खटपटीने लागू पडत. ५५० चे एंजिन ४४० च्या कायेत बसविणे ही नित्याची गोष्ट झाली. मधल्या पट्टीच्या व बदललेल्या दंडाच्या साहाय्याने ६५० वा ७५० चे एंजिनही ५५० च्या कायेत गेले.

फेरफारांची परंपरा : अमेरिकेत १९८२ मध्ये जेट स्कीच्या शर्यतींसाठी संघटना स्थापन झाली व ती पुढे आंतरराष्ट्रीय बनली. तिच्या जागतिक अंतिम शर्यती ॲरिझोनातील लेक हवासू येथे पुष्कळ वर्षे भरत आल्या. हा जलाशय कोलोरॅडो नदीवरच, हॅमिल्टन यांच्या नावा गेल्या त्या घळईच्या पुष्कळ खाली आहे. मूळ स्थितीतील वाहने, मर्यादित फेरफारांची वाहने व मुक्त वाहने असे शर्यतींचे वर्ग पडले. या वर्गांनीच फेरफारांना क्रम व शिस्त लावली. नियमांनी मूळ ओतीव भाग राखण्याचे बंधन घातले की कारागीर त्या भागाच्या आतील कंगोरे घासू लागत. नियम सैल झाले की नवा भागच ओतला जाई.

पहिले फेरफार बहुधा एंजिनाबाहेरचे असत. पाणी आत घेणाऱ्या तोंडावरची जाळी बदलून तिला पाणी आत लोटणारी जीभ लावणे, तळाची पट्टी लांब वा आखूड करणे, मुठीचा दांडा आखूड करणे, हौद्यात पाय अडकविण्यास खोबणी करणे यांनी शक्ती वाढत नाही, पण असलेली शक्ती पाण्याला लागते. नवख्या मालकाचा ओढा मात्र एंजिनाकडे असतो आणि बिघाड तेथूनच सुरू होतात.

एंजिनातील सर्वांत परिणामकारक फेरफार निष्कास नळीचा. बंद प्लॅस्टिकच्या डबीत तापलेली नळी ठेवता येत नाही म्हणून तिला दुहेरी भिंत करून मधून पाणी खेळविले जाते व शेवटी ते पाणी वायूंतच मिसळून बाहेर टाकले जाते. येथे एक अनपेक्षित सोय हाती आली. वायूतील ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. प्रसरण कक्षात थोडे पाणी फवारले की वायू थंड होतात, दाबलहर सावकाश परतते व नळी जणू लांब होते. त्यामुळे कमी फेऱ्यांना जोर मिळतो. पाणी तोडले की लहर लवकर परतते व नळी जणू आखूड होते. त्यामुळे जास्त फेऱ्यांना शक्ती मिळते. एका लहानशा स्क्रूने वा विद्युत् झडपेने हे पाणी कमीजास्त करून एकाच नळीकडून दोन नळ्यांचे काम घेतले गेले. मोटारसायकलीवर काडेन यांना जे केवळ पत्र्याच्या आकाराने साधावे लागले, ते येथे पाण्याच्या चार थेंबांनी साधले. या वाहनाच्या तंत्रात खास त्याचे म्हणावे असे काही असेल, तर ते हेच होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जुन्या ४४० व ५५० प्रारूपांत मिश्रणाचे प्रवेशद्वार दट्ट्याच उघडी व मिटी. ६५० च्या एंजिनात लवचिक पात्यांची रीड झडप आली व १९९१ पासून ती ५५० लाही मिळाली. पाती बदलणे, दोन कार्ब्युरेटर लावणे, सिलिंडराचे डोके घासून संपीडन वाढविणे, ठिणगीची वेळ पुढे आणणे हे पुढचे टप्पे. यांतील प्रत्येकाची किंमत असते. संपीडन वाढविल्यावर साधे पेट्रोल ज्वालेच्या आधीच भडकते व दट्ट्याच्या कडेला कुरतडल्यासारखे खड्डे पडतात. हवा वाढवून इंधन तितके वाढविले नाही, तर मिश्रण पातळ होते. आणि दोन धावांच्या एंजिनात पेट्रोल हेच तेलाचे वाहन असल्यामुळे मिश्रण पातळ होणे म्हणजे वंगणही कमी होणे. परिणामी दट्ट्या सिलिंडरात पकडला जातो. एंजिने निकामी झाल्याच्या कहाण्यांत ‘नवी नळी लावली व जुनाच जेट ठेवला’ ही एकच कहाणी निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा आढळते. १९९०–२००० या दशकाच्या अखेरीपासून उड्या व कोलांट्यांच्या क्रीडाप्रकारासाठी लहान उद्योगांनी कार्बन तंतूंच्या हलक्या काया व सुटे मोठे सिलिंडर बनविले. अशा वाहनांत मूळ कारखान्याचा एकही भाग नसला, तरी रचना मात्र सुपरजेटची किंवा कावासाकीचीच राहिली.

देखभाल : जुन्या वाहनाचा मुख्य शत्रू वेग नसून उभे राहणे हा आहे. समुद्रातून आल्यावर एंजिनाच्या पाण्याच्या वाटा गोड्या पाण्याने धुवाव्या लागतात. त्यातही क्रम महत्त्वाचा : आधी एंजिन सुरू करावयाचे, मग नळ सोडावयाचा, थांबविताना आधी नळ बंद, मग एंजिन. उलट केल्यास निष्कास नळीत साठलेले पाणी सिलिंडरात उतरते. उलटलेले वाहन सरळ करतानाही प्रत्येक प्रारूपाची बाजू ठरलेली असते व ती त्याच कारणाने. पाणी आत गेलेच, तर ठिणगीचे प्लग काढून एंजिन फिरवून ते बाहेर काढावे लागते व त्याच दिवशी एंजिन चालवून तापवावे लागते. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवले की भुजादंडाच्या बेअरिंगना गंज चढतो, आणि या एंजिनांचे भुजादंड दाबून बसविलेले असल्यामुळे एक बेअरिंग बदलणे म्हणजे सबंध दंड सोडवून पुन्हा सरळ रेषेत आणणे होय. हे काम करणारे कारागीर मोजकेच.

भुजादंडाच्या टोकांची सील वाळली की पेटीत हवा शिरते, मिश्रण पातळ होते व वर सांगितलेला प्रसंग कोणताही फेरफार न करताच ओढवतो. म्हणून जाणते लोक जुने एंजिन विकत घेताना केवळ संपीडन मोजून थांबत नाहीत. सर्व तोंडे बंद करून आत थोडा दाब देतात व तो टिकतो की नाही ते पाहतात. तेलाचे प्रमाण सामान्यतः ५० भागांस १, नव्या दट्ट्यांच्या पहिल्या टाकीस २५ भागांस १. काही प्रारूपांत तेल आपोआप सोडणारा पंप होता. तो निकामी झाल्याचे एंजिन पकडले गेल्यावरच कळते, म्हणून अनेक मालकांनी तो काढून टाकून पेट्रोलात तेल मिसळण्याची जुनी रीत पत्करली. सुधारणा काढून टाकणे हीच सुधारणा, असे उदाहरण यंत्रांच्या इतिहासात विरळा.

कार्ब्युरेटरचा पडदा व आतील बारीक जाळी एथॅनॉलमिश्रित पेट्रोलाने लवकर खराब होतात. इंपेलरची पाती आणि भोवतालचे कडे यांतील अंतर मिलिमीटरच्या अंशाचे असावे लागते. वाळू ओढली गेली की ते वाढते. एंजिन गरगरते, पण वाहन पुढे जात नाही. याखेरीज एक दोष सहजी न दिसणारा आहे. काया बुडू नये म्हणून तिच्यात भरलेला फेस वीस-तीस वर्षांत पाणी शोषतो. वाहन का जड झाले हे न कळून मालक एंजिनावर पैसे घालतात. प्रत्यक्षात हौद्याचा तळ उघडून भिजलेला फेस काढणे हाच उपाय असतो.

प्रदूषण व निर्बंध : डे यांच्या एंजिनाचा मूळ दोष श्नुर्ले व काडेन यांनी कमी केला, नाहीसा केला नाही. अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार कार्ब्युरेटरच्या दोन धावांच्या सागरी एंजिनांतून इंधनाचा ३० टक्क्यांपर्यंत भाग न जळताच बाहेर पडे. आणि या वाहनाचा निष्कास पाण्यातच. १९९६ मध्ये या संस्थेने अशा एंजिनांतील हायड्रोकार्बने टप्प्याटप्प्याने सुमारे ७५ टक्के कमी करण्याचा नियम केला. कॅलिफोर्नियाने त्याहून कडक नियम २००१ पासून लागू केले. कॅलिफोर्निया व नेव्हाडा यांच्या सीमेवरील, नितळ पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या टाहो सरोवरात १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या दोन धावांच्या एंजिनांना बंदी झाली. २००० मध्ये राष्ट्रीय उद्यानांतूनही या वाहनांवर निर्बंध आले. आवाज व बेदरकार चालविणे यांमुळे लोकमतही प्रतिकूल होते.

मालकांनी या नियमांना आकसाचे फळ म्हटले. तसे म्हणणे टिकण्यासारखे नाही. वाहन साधे, हलके व घरच्या हत्यारांनी दुरुस्त होणारे ज्या कारणाने झाले, त्याच कारणाने ते पाणी बिघडविते. उघडे निष्कासद्वार आणि झडपांचा अभाव हे एकाच वेळी त्याचे गुण व दोष आहेत. नळी, डोके व जेट यांत बदल करून मालकांनी शक्ती वाढविली, परंतु वाया जाणारे मिश्रण कमी करणे हा त्यांचा हेतू क्वचितच होता. बसून चालवावयाच्या वाहनांत थेट अंतःक्षेपणाची दोन धावांची एंजिने येऊन गेली आणि २००२ पासून यामाहा, होंडा व बाँबार्डिअर यांची चार धावांची एंजिने आली. उभ्याने चालवावयाच्या वाहनाला मात्र जड एंजिन पेलत नसल्यामुळे ते अमेरिकेत मुख्यतः शर्यतीपुरते विकण्याच्या सवलतीवर तगून राहिले. कावासाकीने ८०० चे उत्पादन २०११ मध्ये थांबविले. २०१७ मध्ये तिने १,४९८ घ. सेंमी.चे चार धावांचे प्रारूप काढले. त्याचे वजन सुमारे २५० किग्रॅ., म्हणजे जुन्या ४४० च्या दुपटीहून अधिक. यामाहाची दोन धावांची सुपरजेट २०२० पर्यंत टिकली व २०२१ मध्ये तिच्या जागी १,०४९ घ. सेंमी.चे, तीन सिलिंडरांचे चार धावांचे प्रारूप आले.

जुन्या वाहनांची आजची स्थिती : उत्पादन थांबल्यानंतर जुन्या वाहनांची मागणी घटली नाही. दोन माणसांनी उचलता येईल असे नवे वाहन मोठे कारखाने बनवीत नसल्याने हलक्या जुन्या कायांना किंमत आली. कारखान्याने सोडून दिलेले भुजादंड, गॅस्केट, दट्ट्ये व पंपाची कडी लहान उद्योग बनवीत आहेत. परंतु इतिहासकाराच्या दृष्टीने एक अडचण यातूनच उत्पन्न झाली आहे. ज्या वाहनांवर फार प्रेम केले गेले त्यांत सर्वाधिक फेरफार झाले. जी मूळ स्थितीत राहिली ती बहुधा दुर्लक्षित, छपरीत पडून राहिलेली व म्हणून आतून गंजलेली. १९७३ ते १९७६ या काळातील मूळ एंजिन, मूळ नळी व मूळ कार्ब्युरेटर एकत्र असलेली जेट स्की दुर्मिळ झाली आहे. मूळ नळी ही तर निरुपयोगी म्हणून फेकून देण्याचीच वस्तू समजली जाई. आज ती मिळविण्यासाठी संग्राहक सर्वाधिक धडपडतात. मूळ नळी कशी होती हे कळल्यावाचून फेरफाराने काय साधले, याचेही मोजमाप करता येत नाही.

वाहनाचा काळ ठरविताना म्हणून कायेचा व एंजिनाचा विचार वेगवेगळा करावा लागतो. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नौकेवर बारा अक्षरांकांचा काया-क्रमांक कोरणे सक्तीचे झाले असल्याने तेथे विकलेल्या पहिल्या जेट स्कीपासून तो उपलब्ध आहे. त्याची पहिली तीन अक्षरे निर्मात्याची असतात आणि १९८४ नंतरच्या पद्धतीत शेवटचे दोन अंक प्रारूपाचे वर्ष दाखवितात. एंजिनाचा क्रमांक भुजादंडाच्या पेटीवर निराळा असतो. सिलिंडर, डोके व कार्ब्युरेटर यांवर असा क्रमांक नसतो. तेथे ओतीव खुणा व सिलिंडराचा व्यास मोजूनच निर्णय करावा लागतो. ६८ मिमी. व्यास अपेक्षित असलेल्या कायेत ७५ मिमी. आढळला, तर एंजिन ५५० चे आहे. आणि ७६ किंवा ८० मिमी. आढळला, तर दंडाच्या पुढच्या टोकाशी मधली पट्टी सापडावयास हवी.